दीड वाजताचे ठिपके

"डॉक्टर, तुमच्या पेशंटना दुपारी दीड वाजता नेमकं होतं तरी काय?"

लॅपटॉपच्या पडद्यावरून नाडकर्णी मॅडमनी हे विचारलं तेव्हा अकरा हॉस्पिटलं ऐकत होती. मी सोलापुरात पंचवीस वर्षं भूल देतोय. आधी बोलून बोलून पेशंट झोपवायचा, मग इंजेक्शन नुसतं नावाला द्यायचं, ही माझी पद्धत. पण त्या बुधवारी माझीच वाचा बसली. मॅडम जो कागद दाखवत होत्या तो आमच्याच आयसीयूचा होता आणि मी तो पहिल्यांदा नीट बघत होतो.

दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात अठरा खाटांचा कोविड आयसीयू, मी त्याचा इनचार्ज. आमचा एसी इतका थकलेला की त्यालाच एक खाट द्यावी. पीपीई किट काढलं की माझ्या एकेका बुटातून तांब्याभर घाम निघायचा. आमच्या नर्सिंगच्या इनचार्ज गड्डम सिस्टर म्हणतात, वाटीभर. त्या सगळंच कमी सांगतात. रात्रभर अठरा पेशंट सांभाळले तरी 'ठीक होतं सर' एवढाच रिपोर्ट.

ही बुधवारची मीटिंग काय होती ते सांगतो. आजार नवा. पुस्तकं अजून लिहून व्हायची होती. मोठ्या शहरात आयसीयूचे स्पेशालिस्ट तरी होते, आमच्यासारख्या गावांत भूल देणारा, हाडांचा, डोळ्यांचा, जो हाताला लागेल तो आयसीयूत. म्हणून अकरा गावांच्या हॉस्पिटलांनी आठवड्यातून एक तास व्हिडिओवर एकत्र बसायचं ठरलं. नाडकर्णी मॅडम पुण्याच्या. आयुष्यभर आयसीयू एवढंच केलेल्या. त्या शिकवणार आणि आम्ही वह्या काढणार, असं मला वाटलं होतं.

पहिल्या बुधवारी मी एकटाच कॅमेऱ्यासमोर बसलो. इस्त्रीचा शर्ट घालून.

"बाकीचे कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"कामावर आहेत."

"मग तुम्ही कामावर नाही का?"

अकरा खिडक्यांत लोक हसले. मॅडमचा नियम असा की मीटिंगला टीम बसणार. डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, वॉर्डातले मामा म्हणजे वॉर्डबॉय, सगळे. दुसरा नियम, दोष कुणाला द्यायचा नाही, काय घडलं तेवढं सांगायचं. तिसरा, बदल करायचा तर एका खाटेवर, एक दिवस. जमलं तर दुसऱ्या दिवशी चार खाटांवर. याला त्या छोटा प्रयोग म्हणायच्या. मला हे बालवाडीचं वाटलं. पण पुढच्या बुधवारी गड्डम सिस्टर आल्या, वॉर्डातले लक्ष्मणमामा केसाला तेल लावून आले, आणि हळूहळू मला चटक लागली. कारण बालवाडीत कसं, चांगलं केलं की टाळ्या मिळतात.

आणि टाळ्या मला मिळाल्या. डब्यासाठी.

पहिल्या लाटेत आमच्याकडे कॅन्टीनचं जेवण यायचं. वरण इतकं पातळ की त्यात तोंड बघून दाढी करावी. पेशंट खाईनात. घरचे गेटवर रडायचे, आमचा माणूस उपाशी आहे. मी ट्रस्टच्या ॲडमिन साहेबांशी आठ दिवस भांडलो. म्हटलं, घरचा डबा आत येऊ द्या. खिडकीतून घेऊ, बाहेरून पुसून घेऊ, पण सोलापूरच्या माणसाला ज्वारीची भाकरी द्या, तो निम्मा बरा होईल. साहेब शेवटी कंटाळून 'हो' म्हणाले. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पातळ, पापडासारखी वाळलेली, चार दिवस टिकणारी. तिच्याबरोबर शेंगाची चटणी. गेटवर डब्यांची रांग लागायची आणि लोक मला हात जोडायचे. मी करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावातून आलेला माणूस, मला एवढ्या लोकांनी हात जोडायची सवय नव्हती. लवकरच लागली.

मी मीटिंगमध्ये त्याच्या चार स्लाइड दाखवल्या. डब्याचा फोटो, चटणीचा क्लोजअप. मॅडम म्हणाल्या, "छान. पेशंट खातायत का?"

"डबे रिकामे जातायत, मॅडम."

दोन हॉस्पिटलांनी त्याच आठवड्यात आपल्याकडे डबा सुरू केला. त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की पीपीईची चेन लागेना.

आता तो कागद. मॅडमनी सगळ्यांना एक काम दिलं होतं. आयसीयूत एक मोठा कागद लावायचा, त्यावर चोवीस तास आखायचे. पेशंटचं सॅच्युरेशन पंच्याऐंशीच्या खाली जाऊन डॉक्टरला बोलवावं लागलं, की त्या वेळेवर एक ठिपका द्यायचा. सॅच्युरेशन म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती चढलाय त्याचा आकडा. बोटाला चिमटा लावला की पडद्यावर दिसतो. आम्हाला तो ब्याण्णवच्या वर लागतो. पंच्याऐंशी म्हणजे धोका, पंचाहत्तर म्हणजे धावपळ.

सिस्टर ठिपके देत होत्या. दर मंगळवारी कागदाचा फोटो पाठवत होत्या. मी 'पाठवलात ना? झालं' म्हणत होतो.

आणि त्या बुधवारी मॅडमनी तीन आठवड्यांचे ठिपके एकाखाली एक लावून दाखवले. सकाळी तुरळक. संध्याकाळी तुरळक. दुपारी एक ते दोन मात्र मुंग्यांचं वारूळ फुटावं तसा काळा ढीग.

"काय होतं दीड वाजता?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

मला गप्प बसणं कधीच जमलं नाही. मी म्हणालो, "दोन वाजता नर्सिंगची ड्यूटी बदलते. हँडओव्हरच्या गडबडीत लक्ष राहत नसणार."

शेजारी बसलेल्या गड्डम सिस्टरनी मान वळवली. घरात त्या तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. पण त्या क्षणी त्यांनी जसं बघितलं त्याला भाषा लागत नव्हती.

"सर," त्या म्हणाल्या, "दोष द्यायचा नाही म्हणून नियम आहे ना? नियम तुम्हाला नाही का?"

"मी दोष देत नाही. कारण सांगतोय."

"मग करा प्रयोग. हँडओव्हर साडेतीनला न्या. ढीग पण साडेतीनला गेला तर मी मानते."

आम्ही हँडओव्हर साडेतीनला नेला. सकाळच्या ड्यूटीवरच्या नर्स मुली दीड तास जास्त त्या किटमध्ये उकडल्या. ढीग एकलाच सुरू होऊन दोनला संपत राहिला. जागचा हलला नाही. सिस्टर कागद माझ्या टेबलावर, माझ्या चहाच्या कपाखाली ठेवून गेल्या.

मग मी ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर संशय घेतला. दुपारी प्रेशर पडत असेल. टेक्निशियनला तीन दिवस टाकीपाशी उन्हात उभा केला. तो करपून आला आणि म्हणाला, "सर, प्रेशर सुतासारखं सरळ आहे. मीच वाकडा झालो."

या सगळ्यात सात नंबरला होते आप्पा.

आप्पा श्रीपूरचे. साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून रिटायर झालेले. अंगाने दरवाजाएवढे, आवाज भोंग्यासारखा. त्यांचा खोकला ऐकून पलीकडच्या खाटेवरचा पेशंट 'शिफ्ट सुटली का' म्हणाला होता, असं मी सगळ्यांना सांगतो. त्यांना पिशवीचा मास्क होता. म्हणजे मास्कला ऑक्सिजनची पिशवी जोडलेली असते आणि पेशंट त्यातून भरपूर ऑक्सिजन ओढतो. सकाळच्या राउंडला आप्पा त्र्याण्णव. हसायचे. संध्याकाळी ब्याण्णव. पण दुपारी रोज कोसळायचे. शहात्तर, चौऱ्याहत्तर, एकदा एकाहत्तर. मला फोन यायचा, मी किट चढवून आत पोचायचो, तोवर ते मास्क घट्ट धरून घामाघूम झालेले असायचे. छाती भात्यासारखी. वर यायला त्यांना तास तास लागायचा. एका आठवड्यात ते निम्मे झाले.

असा माणूस रोज दमत गेला तर एक दिवस दम संपतो. त्याच्या आधी ट्यूब टाकावी लागते. ट्यूब टाकणं म्हणजे झोपेचं इंजेक्शन देऊन, घशातून श्वासनलिकेत नळी घालून ती व्हेंटिलेटरला जोडणं. ते माझंच काम. मी डोळे मिटून करतो असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मी. पण त्या उन्हाळ्यात ट्यूब पडली की माणूस परत येणं अवघड होतं. नातेवाइकांनाही ते कळून चुकलं होतं. 'मशीनवर घेतलं' हे दोन शब्द फोनवर उच्चारले की पलीकडचा माणूस फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

पुढच्या बुधवारी मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "सात नंबरला उद्या दुपारी पुन्हा असं झालं तर मी ट्यूब टाकतोय. अजून थांबलो तर अंगावर येईल."

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. पण एक करा. उद्या साडेबारालाच किट घालून आत जा. सात नंबरसमोर स्टूल टाका आणि बसा. काही करू नका. दोन वाजेपर्यंत नुसतं बघा."

"मॅडम, माझ्याकडे अठरा पेशंट आहेत."

"रोज दीड वाजता तुम्ही कुठे असता?"

"रूममध्ये. जेवायला."

"मग एक दिवस उशिरा जेवा."

लक्ष्मणमामा कॅमेऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "सर, येक दिवस न्हाय जेवलं तर मरत न्हाय मानूस." त्यांचा माइक चालू होता. अकरा हॉस्पिटलांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी साडेबाराला आत गेलो. ट्यूबचा ट्रे सात नंबरशेजारी तयार ठेवला. लॅरिंगोस्कोप म्हणजे घशात बघायचं दिव्याचं हत्यार, तो तपासला. इंजेक्शन भरून ठेवलं. आणि स्टूल टाकून बसलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आयसीयूत काही न करता बसलो.

आप्पा मास्कमधून म्हणाले, "काय सायब, हितंच मुक्काम?"

"बसलोय सहज."

"बसा की. मला तेवडीच सोबत." पडद्यावर त्र्याण्णव.

पावणेएकला लक्ष्मणमामा डबे घेऊन आले. पिशवीवर शाईने खाट नंबर. प्रत्येकाच्या मांडीवर डबा ठेवला, उशा मागे लावल्या आणि ते शेजारच्या वॉर्डाकडे गेले. आत दोन सिस्टर. त्यातली एक अकरा नंबरला सलाइन लावण्यात, दुसरी सोळाला, श्वास सुधारावा म्हणून, पालथं झोपवण्यात.

आप्पांनी डबा उघडला. कडक भाकरीचे तुकडे, शेंगाची चटणी, दाट आमटी. मग त्यांनी मास्क उचलला आणि कपाळावर ठेवला. लग्नात जेवायला बसलेला नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारतो तसा.

मी हॉलभर बघितलं. पाच, सहा, नऊ, बारा. ज्यांना हाताने जेवता येत होतं त्या सगळ्यांचे मास्क कपाळावर. सगळे चावत होते. कडक भाकरी, मंडळी. ती आमटीत भिजवली तरी चांगला धडधाकट माणूस तिच्याशी अर्धा तास झुंजतो. इथे श्वासाला महाग झालेली माणसं तिच्याशी झुंजत होती. मशीनच्या टिटिटिटमधून मला तो कुरकुर आवाज येत होता.

आप्पांचा आकडा नव्वद. पुढचा घास. सत्त्याऐंशी. चटणीचं बोट. त्र्याऐंशी. मी उठलो. आप्पांनी बोट वर केलं, थांबा. एकोणऐंशी. ते घाई करत होते. घाम आला होता. ओठ निळसर दिसू लागले आणि हात दुसऱ्या तुकड्याकडे जात होता.

पंचाहत्तरला मी त्यांच्या हातातून डबा ओढला आणि मास्क तोंडावर दाबला. त्यांनी माझं मनगट धरलं. बॉयलरवरचा हात, अजून जोर होता.

"आप्पा, काय करताय?"

"डबा... रिकामा... जायला पायजे."

"कशाला?"

त्यांना बोलायला वेळ लागला. मास्क तसाच ठेवून, दोन शब्द आणि चार श्वास असं ते सांगत होते. गेटवर रोज त्यांची सून उभी असते. मोडनिंबच्या माहेराहून येते, श्रीपूरला घरात सगळे पॉझिटिव्ह. डबा परत मिळाला की तिथंच उघडून बघते. रिकामा असला की घरी फोन करते, आप्पा बरे हायती. परवा अर्धी भाकरी उरली होती.

"तर घरी रडारड. पावनं गोळा झालं. भाऊ निघाला गाडी काडून." आप्पा थांबले. "सायब, आत तर कुनी यिऊ शकत न्हाय. त्यास्नी डबाच दिसतो. मंग संपवतो मी. कसाबी."

आमचंही तेच होतं. रोज फोनवर आमच्या मुली नातेवाइकांना काय सांगायच्या? 'आज पूर्ण डबा संपवला हं.' ती चांगली बातमी होती. मीच शिकवली होती.

मी विचारलं, "आप्पा, जेवताना आकडा पडतो हे तुम्हाला दिसत होतं?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नवा अप्रेंटिस आहे. "तीस वर्सं काटा बघत काडली. झाकन उघडं ठिवलं की प्रेशर पडनारच की. मला वाटलं तुमास्नी म्हाइत हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाय. तुमी यायचा तवर डबा बंद हुयाचा."

तो हिशोब माझ्या डोक्यात तेव्हा लागला. एकला जेवण. दीडला आकडा पडतो. अलार्म. मला फोन. किट चढवायला पंधरा-वीस मिनिटं. तोवर सिस्टर मास्क लावणार, मामा डबा उचलणार, गेटवर रिकामा डबा पोचणार. मी धावत आत यायचो तेव्हा डबा कुठेच नसायचा. आणि सिस्टर मला डब्याबद्दल का सांगतील? जेवण हा काय प्रॉब्लेम असतो? पेशंट जेवला, हे तर चांगलंच.

मी ट्रेकडे बघितलं. भरलेलं इंजेक्शन. आज मी स्टुलावर नसतो तर पावणेदोनला आत आलो असतो आणि ते दिलं असतं. आप्पांच्या गालात अजून भाकरी होती. झोपेचं इंजेक्शन दिल्यावर माणसाला गिळताही येत नाही, खोकताही येत नाही. तोंडातलं आणि पोटातलं सगळं थेट फुप्फुसात.

तेव्हा मला चार नंबर आठवल्या.

मागच्या आठवड्यात, दुपारी दोनला, मी चार नंबरच्या बाईंना ट्यूब टाकली होती. शहराच्या पूर्व भागातल्या, टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या. तोंड उघडलं तेव्हा लॅरिंगोस्कोपला काहीतरी लाल-तपकिरी लागलं. शेंगाची चटणी. मी सक्शनच्या नळीने ते ओढून काढलं, ट्यूब टाकली आणि पुढे गेलो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुरावा माझ्या हातातल्या हत्यारावर होता आणि मी तो पुसला होता.

मी आजवर तुम्हाला पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या. ही जशी झाली तशी आहे. मी स्टुलावर परत बसलो.

गड्डम सिस्टर आल्या. ट्रे बघितला, डबा बघितला, मला बघितलं.

"ट्यूब?" त्यांनी विचारलं.

"नाही." मी म्हटलं. "डबा."

त्यांना एका शब्दात कळलं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि कपाळावरचे मास्क मोजले असावेत. "अय्यो," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला सगळ्यात मोठा रिपोर्ट.

ऑक्सिजन लागून आप्पा वर आले. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, पाऊण तासाने एक्क्याण्णव. मी इंजेक्शन टाकून दिलं.

पुढच्या बुधवारपर्यंत थांबायची सोय नव्हती, कारण आणखी दोन गावांत माझा डबा चालू होता. मॅडमना फोन केला. त्यांनी संध्याकाळी पाचला सगळ्यांना बोलावलं. मी कॅमेऱ्यासमोर बसलो. इस्त्रीचा शर्ट नव्हता. किटच्या खालचे भिजलेले कपडे तसेच. जे बघितलं ते सांगितलं. चार नंबरचंही सांगितलं.

डबा सुरू केलेल्यांपैकी एका हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई कागद आणायला उठल्या. त्यांचा ठिपक्यांचा कागद त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांच्याकडे जेवण बाराला. ढीग साडेबाराला. त्यांनी कागद खाली घेतलाच नाही. त्यामागे त्यांचा चेहरा दिसेना.

"अशी किती माणसं गेली असतील?" मी मॅडमना विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही डबा आवडला होता. मीही विचारलं नाही, पेशंट मास्क काढून जेवतात का. उद्यासाठी काय करताय?"

एवढंच. मला कुणीतरी ओरडायला हवं होतं. ओरडलं असतं तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं.

छोटा प्रयोग सात नंबरवर केला. कडक भाकरी बंद. ज्वारीच्या कण्या, कॅन्टीनमध्ये शिजवून ताकात पातळ केलेल्या, न चावता गिळता येतील अशा. जेवताना नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी चालूच. मास्क काढायचा, चार चमचे, मास्क परत, दहा श्वास, मग पुढचे चार. एका बैठकीत एक वाटी, पण दिवसातून सहा वेळा. आणि शेजारी एक माणूस, नजर पडद्यावर. आप्पा म्हणाले, "ह्ये तर कोळसा मारल्यागत. थोडा थोडा मारायचा, दार लगीच बंद." त्यांचा आकडा एकोणनव्वदच्या खाली गेला नाही. दुसऱ्या दिवशी चार खाटा, चौथ्या दिवशी अठरा.

खरी लढाई गेटवर झाली. डबे अर्धे, पाव भरलेले परत जाऊ लागले आणि बाहेर गोंधळ उडाला. आप्पांची सून लक्ष्मणमामांच्या अंगावर आली.

"निम्मा बी संपला न्हाय! काय झालंय त्यांना? खरं सांगा!"

"वैनी, काय झालं न्हाय. आता चमच्यानं देतो आमी."

"कालपातुर हातानं जेवत हुते की! आज चमचा कशापायी? मला येडं बनिवता व्हय?"

तिचं चुकत नव्हतं. आम्ही तिला रिकाम्या डब्याची भाषा शिकवली होती आणि एका दिवसात ती बदलली. मी ॲडमिन साहेबांकडे जाऊन पुन्हा भांडलो, या वेळी दोन टॅबसाठी. रोज अकराला प्रत्येक घरी व्हिडिओ कॉल. पेशंटचा चेहरा आणि मागचा पडदा, दोन्ही दाखवायचं. आप्पांनी पहिल्याच कॉलवर मास्कमधून भोंगा सोडला, "सूनबाई, भाकरी बंद! कण्या धाड, पातळ! आन त्या पावन्यास्नी घरी घालीव!" सून आधी रडली, मग म्हणाली, "आप्पा, कण्या तर तुमाला आवडत न्हाईत." "न्हाईतच," आप्पा म्हणाले, "म्हनूनच वाटीभरच धाड."

सूनबाईंनी दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या जागी थर्मास आणला.

चार नंबरच्या बाईंच्या घरी मी गेलो. लाट ओसरल्यावर, गड्डम सिस्टरना बरोबर घेऊन, कारण त्यांचे यजमान घरात तेलुगूच बोलायचे. मी सगळं सांगितलं. बाई डब्यामुळेच गेल्या असं मी म्हणू शकत नाही, त्यांचं फुप्फुस आधीच खूप खराब होतं. नाही असंही म्हणू शकत नाही. सिस्टरनी शब्दाला शब्द सांगितलं. या वेळी कमी नाही केलं. ते ऐकून घेत होते. मग सिस्टरना हळू काहीतरी म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "त्या दिवशी डबा पूर्ण रिकामा आला होता म्हणे. शेजाऱ्यांनापण सांगितलं होतं त्यांनी, आता येतेय घरी म्हणून."

गाडी मी चालवली, पण वाटेतली विजापूर वेस कधी मागे पडली ते मला आठवत नाही.

आप्पांना ट्यूब लागली नाही. पुढचे दोन आठवडे ते वर-खाली होत राहिले, शेवटी नाकातल्या नळीवर आले आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या पायांनी, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून गेले. जाताना मला म्हणाले, "सायब, बॉयलरवर साधा नियम असतो. काटा पडताना जो हजर असंल, त्यालाच इचारायचं." दुपारचा ढीग आमच्या कागदावरून गेला. ठिपके संपले नाहीत, आजार तेवढा दयाळू नव्हता. पण उरले ते दिवसभर विखुरलेले. त्या डॉक्टरबाईंच्या कागदावरही तसंच झालं.

ती मीटिंग पुढे बंद झाली, कोविडबरोबर. आयसीयूत आता दुसरे आजार आहेत, दुसरे पेशंट. माझ्या सवयीत एक बदल राहिला. माझा एक राउंड दुपारी एकला असतो. मी अडीचला जेवतो आणि सिस्टर मला पोळी-भाजी गार झाली म्हणून हसतात. नवा डॉक्टर आला की त्याला पहिल्या दिवशी तासभर स्टुलावर बसवतो. तो वैतागतो, घड्याळ बघतो, 'सर, काय बघू?' म्हणून विचारतो. मी सांगत नाही.

मी यातून शिकलो ते एवढंच. आपण काही वाईट केलं तर बघायला दहा जण टपलेले असतात. चांगलं केलं की लोक हात जोडतात आणि पुढे बघतच नाहीत. म्हणून आपलं चांगलं काम आपणच जाऊन तपासावं, आणि तेही आपल्या जेवणाच्या सुट्टीत.